फ्रिक्शन स्वे बार आवळूनही ट्रेलर पुन्हा पुन्हा डोलतो, तेव्हा काय तपासायचं

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिकेतल्या मराठी मित्रमंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. कुणीतरी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतलेला असतो, साधारण २० ते २६ फुटांचा. विकणाऱ्याने हिचच्या, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या सामानाबरोबर एक सरकता लोखंडी बार दिलेला असतो. हाच फ्रिक्शन स्वे बार, घर्षणाने ट्रेलरचं डोलणं रोखणारा. माहितीपत्रक मात्र नसतं. पहिल्याच लांबच्या प्रवासात ट्रेलरचं शेपूट हलतं. कुणी सांगतं, बार आवळ. आवळला की बरं वाटतं, आणि पुढच्या एखाद्या ट्रिपेत पुन्हा तेच सुरू. असं होत होत शेवटी हँडल दोन्ही हातांनी ओढूनही हलत नाही, आणि हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी चालवणाऱ्याच्या छातीत धस्स होतं.

एकदा नीट बसवलेला बार वारंवार आवळावा लागत असेल, तर मूळ दोष बहुतेक वेळा बारच्या घट्टपणात नसतो. तो ट्रेलरमध्ये सामान कसं भरलंय यात, टायरांत किंवा बार जिथे जोडलाय त्या सांध्यांत असतो. पण बारपासूनच सुरुवात करू, कारण तो आवळण्याची जागाच अनेकांची चुकते.

हँडल कशासाठी, बोल्ट कशासाठी

या बारची रचना साधी आहे. एक पट्टी एका आवरणातून आतबाहेर सरकते आणि आत ब्रेकच्या लायनरसारख्या घासपट्ट्या तिला दाबून धरतात. बारचं एक टोक हिचच्या डोक्यावरच्या छोट्या बॉलवर आणि दुसरं टोक ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवरच्या तशाच छोट्या बॉलवर बसतं. गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन बदलला की पट्टी सरकते आणि घर्षण त्या हालचालीला विरोध करतं.

बाहेर दिसणारं मोठं हँडल फक्त चालू-बंद करण्यासाठी आहे. प्रवासाला निघताना ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवायचं आणि उतरल्यावर सैल करायचं. घर्षण किती हवं ते हँडलजवळच्या वेगळ्या बोल्टने ठरतं. बोल्टकडे लक्ष न देता हँडलवरच जोर लावत राहिलं, किंवा नळीचा तुकडा घालून ते फिरवलं, तर आटे खराब होतात. शिवाय 'अर्धं आवळलेलं हँडल' हे मोजता येणारं माप नाही. एका प्रवासात बार कितपत घट्ट होता हे पुढच्या प्रवासात कुणालाच सांगता येत नाही, आणि आज बरं, उद्या वाईट, हा अनुभव अर्धाअधिक इथूनच येतो.

सेटिंग करताना हँडल शेवटपर्यंत आवळा आणि मोकळ्या पार्किंगमध्ये सावकाश दोन्ही बाजूंना वळणं घ्या. वळून झाल्यावर स्टिअरिंग सोडलं की गाडी आपणहून सरळ होते का, ते बघा. ती त्याच दिशेने वळत राहत असेल, ढकलून सरळ करावी लागत असेल, तर घर्षण जास्त झालंय. बोल्ट पाव फेरा सैल करा. गाडी सहज सरळ होत असेल तर कमी रहदारीच्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत जा. ट्रेलर जरासा डोलतोय असं वाटलं तर थांबून बोल्ट पाव फेरा घट्ट करा आणि पुन्हा पार्किंगमधली वळणाची चाचणी घ्या. एका वेळी पावच फेरा, त्याहून जास्त नाही. समाधानकारक जागा सापडली की बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर रंगाच्या पेनने एक रेघ मारून ठेवा. ही रेघ पुढच्या तपासणीत फार कामाला येते: रेघ जागेवर आहे आणि तरी ट्रेलर डोलतोय, म्हणजे काहीतरी दुसरंच बदललंय.

वळताना बारमधून करकर किंवा कण्हल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. घर्षणावर चालणाऱ्या वस्तूचा तो स्वभावच आहे. आवाज नको म्हणून पट्टीला ग्रीस, तेल किंवा रंग लावणं मात्र कटाक्षाने टाळा. एकदा घासपट्ट्यांत तेल मुरलं की बोल्ट कितीही आवळा, पकड येत नाही. अशा घासपट्ट्या पुसून वापरण्यात अर्थ नाही. त्या बदलाव्या, नाहीतर पूर्ण बार नवा घ्यावा. वापरलेल्या ट्रेलरबरोबर आलेल्या बारच्या बाबतीत हा संशय आधी घ्या, कारण आधीच्या मालकाने प्रेमाने तेल घातलेलं असू शकतं. हिवाळाभर बाहेर राहिलेल्या पट्टीवर गंज चढलेला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो उतरवून कोरड्या फडक्याने पुसा. पट्टीला मोजपट्टी लावून ती वाकलेली नाही ना हेही बघा. वाकलेली पट्टी घासपट्ट्यांना एकाच कडेला टेकते आणि बार बाहेरून घट्ट दिसूनही आतून अर्धाच काम करतो.

सांध्यातली मोकळीक

ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. हिचवरच्या छोट्या बॉलचा नट जरा ढिला झालेला असतो, किंवा ट्रेलरच्या चौकटीवरच्या प्लेटचे स्क्रू ज्या भोकांत बसलेत ती भोकं मोठी झालेली असतात. वर उभं राहून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. बार हाताने धरून जोरात पुढेमागे हलवला की टोकाशी टकटक ऐकू येते.

ही मोकळीक किती महाग पडते याचा हिशोब करून बघा. हिचचा मोठा बॉल (ज्यावर ट्रेलर बसतो) आणि बारचा छोटा बॉल यांच्यात सुमारे ५.५ इंच अंतर असतं. तिथे १/८ इंच मोकळीक असेल तर ट्रेलर सुमारे १.३ अंश फिरेपर्यंत बारचं घर्षण सुरूच होत नाही. २४ फुटांच्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला १.३ अंश म्हणजे जवळजवळ साडेसहा इंच. म्हणजे बार दगडासारखा आवळलेला असतानाही शेपूट साडेसहा इंचांच्या पट्ट्यात अगदी मोकळं हलू शकतं, आणि डोलणं सुरू व्हायला तेवढी जागा पुरते. घर्षण वाढवून हे सुटणार नाही. नट आवळा, स्क्रूची भोकं ढिली झाली असतील तर प्लेट थोडी सरकवून नवीन भोकं पाडा, किंवा आरपार बोल्ट घालता येईल का ते वेल्डिंगच्या दुकानात विचारा.

प्लेट हलवताना अंतर सांभाळा. मोठ्या बॉलच्या केंद्रापासून ट्रेलरवरचा छोटा बॉल २४ इंच मागे असावा, असं या बारच्या माहितीपत्रकांत सांगितलेलं असतं. अंतर कमी पडलं तर एका बाजूच्या वळणात पट्टी पूर्ण आत जाऊन टेकते. जास्त झालं तर दुसऱ्या बाजूला ती गरजेपेक्षा बाहेर खेचली जाते. जोडल्यावर बार साधारण आडवा दिसला पाहिजे, आणि वजन वाटून देणारी हिच असेल, तर वजन गाडीच्या पुढच्या चाकांकडेही सरकवणाऱ्या तिच्या लांब स्प्रिंग बारांना तो कुठल्याही वळणात घासता कामा नये. मोठ्या बॉलवर कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) नीट बसतो का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा सामान

एक नेहमीचं उदाहरण घ्या. २४ फुटांचा ट्रेलर, मागच्या भिंतीला स्वयंपाकघर. जाताना ट्रेलर ठीक, परतताना डोलतो. घरचे म्हणतात, बार सैल झाला. रेघ तपासली तर बोल्ट जागेवरच असतो. बदललेलं असतं ते सामान. जाताना पुढच्या टाकीत पाणी भरलेलं होतं. परतताना ती टाकी रिकामी आणि अ‍ॅक्सलच्या मागची सांडपाण्याची टाकी भरलेली. चाळीस गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३३० पाउंड. एवढं वजन अ‍ॅक्सलच्या पुढून मागे गेलं की जणू वेगळाच ट्रेलर ओढायला घेतला.

ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या बॉलवर यायला हवं. यालाच इथे टंग वेट म्हणतात. ५,२०० पाउंडांच्या ट्रेलरसाठी ते ५२० ते ७८० पाउंड होतं. ते दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर स्वभावानेच अस्थिर होतो: एका बाजूला ढकलला गेला की परत येताना मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो आणि वेग जितका जास्त, तितका हा झोका विरायला वेळ लागतो. एका ठराविक वेगाच्या वर तो विरतच नाही, उलट प्रत्येक झोक्याला वाढतो. बारमधलं घर्षण छोट्या हालचाली थोपवतं, पण मोठा झोका एकदा सुरू झाला की ते अपुरं पडतं. शिवाय हा बार ट्रेलरला मध्यभागी ओढून आणत नाही. दूर जाण्याला आणि परत येण्याला तो सारखाच विरोध करतो. म्हणून कमी टंग वेटवर जास्त घर्षण चढवलं की सरळ रस्त्यावर थोडं बरं वाटतं, वळणानंतर गाडी अडखळते, आणि वाऱ्याच्या पहिल्या मोठ्या झोताला सगळं उघडं पडतं.

आपल्या लोकांच्या ट्रेलरांत मागच्या बाजूला काय काय साठतं ते मी खूपदा बघितलंय. मागच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात तांदळाची आणि कणकेची मोठी पाकिटं, दोन कुकर, बिडाचे तवे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी. त्यात मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक. हा रॅक सगळ्यात वाईट. बॉलपासून अ‍ॅक्सल साधारण १४ फूट मागे धरा आणि अ‍ॅक्सलपासून रॅक १२ फूट मागे. रॅक आणि सायकली मिळून २०० पाउंड असतील तर टंगवरचं वजन २०० × १२ ÷ १४, म्हणजे सुमारे १७० पाउंडांनी कमी होतं. टंग वेट ६०० असेल तर ते थेट ४३० वर येतं आणि वरच्या उदाहरणातला ट्रेलर ८ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. शिवाय टोकाला टांगलेलं वजन एकदा झोका घेऊ लागलं की थांबवायला जड जातं. कित्येक ट्रेलरांचे मागचे बंपर असा भार पेलण्यासाठी बनवलेलेच नसतात, हे वेगळंच. सायकली ओढणाऱ्या गाडीच्या छतावर किंवा पिकअपच्या हौद्यात टाका. जड किराणा अ‍ॅक्सलच्या वर किंवा थोडा पुढे, जमिनीलगत ठेवा.

वजन अंदाजाने ठरवू नका, मोजा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. स्प्रिंग बार सैल सोडून ट्रेलरसकट गाडीची पुढची-मागची चाकं ज्या प्लॅटफॉर्मांवर येतात त्यांची बेरीज घ्या. मग ट्रेलर सोडून त्याच माणसांसह आणि तेवढ्याच पेट्रोलसह फक्त गाडी तोला. दोन्हींतला फरक म्हणजे टंग वेट. घरी करायचं असेल तर बाथरूममधला वजनकाटाही चालतो. एक मजबूत लाकडी तुळई घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरचा जॅक विटेपासून एक फुटावर टेकवा. काट्यावर जो आकडा येईल त्याच्या तिप्पट टंग वेट. चाकांना अटकाव लावल्याशिवाय हे करू नका. जाताना जशा टाक्या असतील तशा भरून एकदा, आणि परतताना जशा असतील तशा भरून एकदा, असं दोनदा मोजलं तर 'येताना का डोलतो' याचं उत्तर अंगणातच मिळतं.

टायरांबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर थंड असताना बाजूवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत भरलेले ठेवा. ओढणारी गाडी एसयूव्ही असेल तर तिच्या मागच्या टायरांची मऊ बाजू स्वतःच डोलायला मदत करते. ओढताना किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तकात बघा. ट्रेलर जोडल्यावर तो सपाट किंवा पुढून किंचित खाली असावा. नाक वर असेल तर हिचची उंची कमी करा. वजन वाटून देणारी हिच असेल तर ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर आणि स्प्रिंग बार ताणल्यावर गाडीच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजा. पुढचं टोक किती परत खाली आणायचं ते त्याच पुस्तकात असतं. पुढची चाकं हलकी राहिली तर स्टिअरिंग तरंगतं आणि चालवणाऱ्याला तेही ट्रेलरचंच डोलणं वाटतं.

डोलणं की नुसता धक्का

मोठा ट्रक ओव्हरटेक करताना आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. एकदा ढकलणं, एकदा ओढणं आणि मग शांत, एवढंच झालं तर तो ट्रकने ढकललेल्या हवेचा धक्का आहे, त्यासाठी बोल्टला हात लावायची गरज नाही. ट्रक निघून गेल्यावरही शेपूट तीन-चार वेळा हलत राहिलं किंवा झोका वाढत गेला, तर ते खरं डोलणं, आणि वरची तपासणी त्याच मुक्कामावर करायची.

वायोमिंगमधून आय-८० ने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात, विशेषतः एल्क माउंटनजवळ, वारा इतका असतो की राज्याचा रस्ते विभाग हलक्या आणि उंच वाहनांसाठी रस्ता बंद करतो. रिकामा ट्रॅव्हल ट्रेलर नेमका याच वर्गातला. अशा दिवशी कुठलाही बार उपयोगाचा नाही. रस्ता उघडेपर्यंत थांबा, मुलांची कुरकुर सोसा.

वेगाचंही तसंच. बऱ्याच एसटी टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ताशी ५५ मैल. ५५ ला शांत असणारा ट्रेलर ७० ला डोलतो, यात बारचा काही दोष नाही. उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलत असतो, तेव्हा तर वेग आधीच कमी करावा लागतो. डेन्व्हरच्या बाजूला आयझेनहॉवर बोगद्यातून, सुमारे ११,००० फुटांवरून, आय-७० ने खाली उतरताना गिअर खालचा टाका आणि बोगद्याच्या तोंडाशीच वेग आटोक्यात आणा.

बार कधी सैल सोडायचा, कधी काढायचा

पाऊस, बर्फ, गोठलेला रस्ता किंवा सैल खडी असेल तर हँडल उलटं फिरवून बारमधला सगळा ताण काढून टाका. निसरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड आधीच कमी असते. त्यात बार गाडीला ट्रेलरच्या रेषेत धरून ठेवायला लागला, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ शकते. रॉकी पर्वतात मे महिन्यातही बर्फ पडतो, त्यामुळे ही सवय उन्हाळ्याच्या ट्रिपेतही लागते. ताण काढला की वेगही त्याच हिशोबाने उतरवायचा.

रिव्हर्स घेण्याआधी बार काढून ठेवा. कॅम्पग्राउंडवर अंधारात, मागे मुलं टॉर्च दाखवतायत आणि आपण ट्रेलर जागेत वळवतोय, अशा वेळी बार हमखास विसरला जातो. उलट्या गाडीत कोन इतका तीव्र होतो की पट्टी आत टेकते आणि वाकते. पुढच्या प्रवासात घर्षण कमी भासतं आणि पुन्हा बोल्टवर पाना चढतो. दोन्ही टोकांच्या क्लिपा काढायला मिनिटभर लागतं. गाडीतल्या कुणा एकाकडे हे काम कायमचं सोपवून टाका.

चालताना झोका सुरू झालाच, तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला आणि स्टिअरिंग सरळ धरा. झोक्याच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो, त्याने झोका वाढतो. ब्रेक कंट्रोलरवर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणावर) हाताने दाबायची कळ असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ही कळ कुठे आहे ते शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवं. नव्या पिकअप आणि एसयूव्हींत डोलणं ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती चांगली आहे, पण झोका सुरू झाल्यावर जागी होते. चुकीचं भरलेलं सामान ती दुरुस्त करत नाही.

काही ट्रेलरांना मात्र हा बार लावायचाच नसतो. टंगवर दाबून चालणारे सर्ज ब्रेक असतील तर नाही, कारण ते ब्रेक लागायला कपलर मागे सरकावा लागतो आणि बार त्यालाच अडवतो. ट्रेलर ६,००० पाउंडांच्या वर किंवा २६ फुटांहून लांब असेल तर एक बार पुरत नाही. दोन्ही बाजूंना एकेक लावतात. माझ्या मते त्या आकाराला पोहोचल्यावर दुसरा बार विकत घेण्यापेक्षा डोलणं रोखणारी एकत्रित हिच घ्यावी. रीसच्या ड्युअल कॅमसारखी रचना ट्रेलरला मध्यभागी परत आणू पाहते, आणि हेन्सली किंवा प्रोप्राइडसारख्या महागड्या हिच फिरण्याचा बिंदूच गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलकडे सरकवतात. पैसे बरेच जातात, म्हणून त्याआधी टंग वेट मोजलेलं असावं. काट्यावर ८ टक्के दिसत असतील तर आधी सायकली पुढे आणा, मागची टाकी कॅम्पग्राउंडवरच रिकामी करा, आणि मारलेल्या रेघेवर बोल्ट तसाच ठेवून एक फेरी मारून बघा.